बाळंतिणींचा अंदाज

१२ ऑगस्ट २०२४, बारामती

जमलं! गणित जमलं!

दुपारी संगणकावर दोन वेळा चालवून पाहिलं. दोन्ही वेळा तेच उत्तर. खुर्ची मागं ढकलली आणि जिन्यावरून धावत खाली. सुकन्या मॅडम ओपीडीत, समोर पोटुशा बायांची रांग, आणि मी दारात धापा टाकत उभी. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "काय झालं स्वरूपा, वर आग लागली का?"

नीट लिहून ठेवते, म्हातारपणी वाचायला मजा येईल. गेली काही वर्षं ज्या बायांना गरोदरपणात साखर निघाली, त्यांची सगळी माहिती मॅडमनी जपून ठेवली होती. कुणाला इन्सुलिन लागलं, कुणाचं आधीचं मूल गेलं, कुणाला झोप येत नव्हती, घरात बोलायला कोण होतं. आणि बाळंतपणानंतर कोण उदास झालं — नुसतं चार दिवस रडू आलं असं नाही, खरं आजारपण. साखरवाल्या बायांमध्ये हे जास्त दिसतं, हे मॅडमना आधीपासून जाणवत होतं. प्रश्न एवढाच — कुणाला होणार हे आधी कळेल का?

त्यातल्या काही बाया मी बाजूला ठेवल्या होत्या, गणिताला दाखवल्याच नव्हत्या. आज त्यांची फक्त गरोदरपणातली माहिती दिली आणि विचारलं, सांग, पुढं कोण उदास होणार? बहुतेक बरोबर ओळखल्या! बाळ जन्मायच्या आधी!

मॅडम म्हणाल्या, "छान. पण या बाळंत होऊन गेलेल्या बाया. आता पोट घेऊन समोर बसलेली बाई घेऊ, मग बघू." एवढंच. पण हसल्या. मॅडम हसल्या म्हणजे पुष्कळ झालं.

१३ ऑगस्ट

पणदऱ्याला घरी सांगितलं. आप्पांनी — माझ्या वडिलांनी — सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे आमी ऊस लावून साखर करायची, आन् तू पुण्यात शिकून येऊन त्याच साखरंच्या तक्रारी लिहायच्या." आई खो खो हसली. मी म्हटलं, रक्तातली साखर वेगळी हो आप्पा. "ती वेगळीच असनार. तिला भाव मिळतोय," म्हणाले.

पण रात्रीच्या जेवणाला आईला हळूच विचारत होते, "हे ओळखता येतं म्हंती. खरंच येत असंल का?"

२ सप्टेंबर

आजपासून समोर बसलेल्या बाया.

पद्धत ठरली. सातव्या-आठव्या महिन्यात प्रश्न विचारायचे, गणितात घालायचं, रंग येतो — लाल किंवा हिरवा. लाल आली की मी दर आठवड्याला घरी जायचं, बाळंतपणाआधी आणि नंतरही. हिरवी आली की बाळ दीड महिन्याचं झालं की एक फोन करायचा, दहा प्रश्न विचारायचे, संपलं. सगळ्यांकडं जायला मी एकटी कुठं पुरणार? बारामती, इंदापूर, मधली सगळी वस्ती. म्हणून तर गणित हवं!

स्कूटीला नवीन टायर टाकला.

१० सप्टेंबर

आज पहिली लाल. आणि कोण निघावी!

सुप्रिया. भिगवणची. हायवेला त्यांची मासळीची खानावळ आहे — नवरा विजयसिंह, सासू द्वारकाबाई आणि ही. ओपीडीत शिरली तीच बोलत. शेजारच्या बाईला चिलापीचं कालवण कसं करायचं ते सांगितलं, सिस्टरची साडी कुठल्या दुकानातली ते विचारलं, इन्सुलिनची सुई पोटाला लावताना स्वतःच म्हणाली, "टोचा बिनधास्त, मासा न्हाय मी, उडून जायला." सगळी ओपीडी हसत होती.

मी प्रश्न विचारले. आधीचं बाळंतपण? "सातव्या म्हैन्यात गेलं. मुलगा व्हता." हेही हसतच. झोप? "पहाटंची जाग येती. मग पडून ऱ्हाते." मन कशात रमतं? "सगळ्यात रमतं की. ताई, उदास व्हायला मला टाइम कुठं हाय?"

गणितात घातलं. लाल. आतापर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा.

सिस्टर म्हणाल्या, "तुमचं मशिन बिघडलंय ताई. ही उदास झाली तर आम्ही सगळ्या वेड्या होऊ." मलाही तसंच वाटलं. परत तपासलं. चूक नाही. गेलेलं मूल आणि पहाटेची जाग, ही दोन उत्तरं तिच्या हसण्याशी जुळत नाहीत, पण हसणं गणिताला दिसतच नाही — त्याला फक्त उत्तरं दिसतात. म्हणून तर ते माझ्यापेक्षा बरं!

हीच खरी परीक्षा. झोप लागणार नाही आज.

१७ सप्टेंबर

भिगवणला गेले. द्वारकाबाई गल्ल्यावर बसलेल्या, कपाळभर कुंकू, हातात मोबाईल. मी समजावून सांगितलं. बाळंतपणानंतर काही बायांचं मन खचतं, सुप्रियाला तशी शक्यता जास्त आहे, म्हणून मी येत राहीन.

त्यांनी मोबाईल खाली ठेवला. "म्हंजे आमच्या सुनंला खूळ लागनार म्हंता?"

खूळ नाही हो, म्हटलं. आजार. औषधानं बरा होणारा.

"पोटुशी बाई हाय. हसती, खाती, काम करती. तुमी तोंडानं वंगाळ बोलायचं आन् मग खरं झालं की म्हनायचं आमी सांगितलं व्हतं. पुन्हा ह्या कामाला यायचं न्हाय."

विजयसिंह पाण्याच्या बाटल्या लावत राहिला. सुप्रिया चुलीपाशी, भाकरी थापता थापता माझ्याकडं बघून डोळे मिचकावले.

परत येताना रडू आलं. मग राग. मग — सुचलं! या कामाला यायचं नाही म्हणाल्या. जेवायला यायचं नाही असं नाही म्हणाल्या.

२५ सप्टेंबर

चिलापी फ्राय, दोन भाकऱ्या, सोलकढी. बिल दिलं आणि आले. सुप्रियाशी दोन शब्द. द्वारकाबाईंनी ओळखलं, सुटे पैसे मोजून दिले.

९ ऑक्टोबर

पुन्हा जेवून आले. दर बुधवारी जाते आता. आई म्हणते, संशोधन करतेस का खानावळीचा डबा लावलायस? वजन वाढलंय खरं.

आज द्वारकाबाईंनी न मागता रस्सा वाढला. "पोरी, लग्न झालंय का?" नाही म्हटलं. "मग दुसऱ्यांच्या बाळंतपनाची एवढी काळजी कशाला?" मला आवडतं, म्हटलं. त्यांनी मान हलवली. पण 'येऊ नको' म्हणाल्या नाहीत!

१५ ऑक्टोबर, इंदापूर

इंदापूरच्या शिबिराला गेलो होतो. तिथं वैष्णवी भेटली. पहिलटकरीण, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते. नवरा मल्हार स्वतःच्या पिकअपमधून डाळिंबं मार्केटला नेतो. सासू बानूबाई सोबत आलेल्या, सुनेच्या हातात पाण्याची बाटली, डोक्यावर छत्री. साखर नुसत्या पथ्यावर आटोक्यात. झोप छान. घरी बोलायला माणसं. भांडण नाही, तंटा नाही.

हिरवी! आणि कशी हिरवी — सगळ्यांत खालचा आकडा. असा आकडा येऊ शकतो हेच मला माहीत नव्हतं. मी तिला स्क्रीनच दाखवली. "बघ, तुला काही होणार नाही. तू आमची सगळ्यात बिनघोर बाई."

ती लाजली. "म्हंजे मी रडनारच न्हाय का ताई?" बानूबाई हसल्या, मीही. मल्हारनं जाताना डाळिंबांची पिशवी दिली. साखरेच्या पथ्यावरच्या बाईचा नवरा गोड डाळिंबं वाटत फिरतोय!

३१ ऑक्टोबर

दिवाळी. फराळ. दिवसभर बायांचे फोन — ताई, एक करंजी चालंल का? ताई, शंकरपाळी मोजून किती? सुप्रियाचा फोन आला, "ताई, सासूबाईंनी लाडवाचा डबा कुलपात घातलाय. माझ्यापायी. दिवाळीत माणसांनी दागिनं कुलपात घालावं का लाडू?" हसून हसून पोट दुखलं.

ही लाल? मला अजून पटत नाही.

१९ नोव्हेंबर

सुप्रियाला परवाच मुलगी झाली! मोठ्ठी, गुटगुटीत, चार किलोला थोडीच कमी. साखरवाल्यांची बाळं मोठी असतात. रडायला लागली तर वॉर्ड दणाणला.

फक्त बाळाची साखर खाली आली म्हणून एक दिवस आत काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. नेहमीची गोष्ट, काळजीचं काही नाही, मॅडमनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाळ आईपाशी.

द्वारकाबाईंनी सगळ्यांना पेढे वाटले. मलाही. "खा. तुझं मशिन खोटं निघालं म्हनून दोन खा." दोन खाल्ले.

२७ नोव्हेंबर

भिगवणला. सुप्रिया उठून बसली होती, पाय पसरून, बाळ मांडीवर. ठीक वाटली. बोलता बोलता म्हणाली, "ताई, काचेत ठिवलं व्हतं तिला. माझ्या साखरंमुळं ना?"

मी समजावलं. तुझी चूक नाही, एका दिवसात बरी झाली की नाही? "व्हय," म्हणाली. "बरी झाली." आणि बाळाचं टोपडं सारखं करत बसली. सारखं केलेलं पुन्हा सारखं करत.

४ डिसेंबर

सुप्रिया खूप बोलली आज. नेहमीपेक्षा जास्त. माझ्या लग्नावरून चेष्टा. बाळ शेजारी रडत होतं, ते द्वारकाबाईंनी येऊन उचललं. सुप्रिया बोलतच होती. बाळ रडतंय हे तिला ऐकू आलं नव्हतं की काय?

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या बुधवारची वाट बघू नकोस. मध्ये एकदा जा."

९ डिसेंबर

रात्र फार झालीय. पण लिहिते, क्रमानं.

दुपारी गेले. खानावळ गच्च भरलेली, लग्नसराई, बाहेर गाड्या. चुलीपाशी दुसरीच बाई. सुप्रिया कुठंय? द्वारकाबाई म्हणाल्या, "आत हाय. दृष्ट लागलीया. मीठमोहऱ्या उतरवल्यात."

आत खोलीत सुप्रिया भिंतीकडं तोंड करून पडलेली. केस विंचरलेले नाहीत. बाळ पाळण्यात, पाजायची वेळ टळून गेलेली. मी शेजारी बसले. ती भिंतीचा पोपडा नखानं काढत राहिली. मग म्हणाली, "ती रडती तवा मला वाटतं, शेजारच्या घरातलं कुणाचं तरी पोरगं रडतंय. कुनीतरी घ्यावं त्याला. माझं हाय असं वाटतच न्हाय ताई."

मॅडमनी शिकवलं होतं — सरळ विचारायचं, घाबरायचं नाही, विचारल्यानं वाढत नाही. मी विचारलं. सुप्रिया, मरावंसं वाटतं का?

खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं त्यांच्या. ती तिकडं बघत म्हणाली, "मरायचं असं न्हाय. पन ते पानी बघितलं की वाटतं, तितं गार असंल. तितं कुनी हाक मारत नसंल. पहिला गेला, ही काचेत गेली. माझं अंगच जहरी हाय. मी नसले तर ती वाचंल."

मागं काहीतरी पडलं. द्वारकाबाई दारात उभ्या. हातातलं ताट खाली, वरण फरशीवर.

मला वाटलं आता मला हाकलतील. पण त्या सुप्रियाजवळ आल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि दाराकडं तोंड करून एवढ्या मोठ्यानं हाक दिली — "विजय, शटर ओढ."

तो धावत आला. "आई, गिऱ्हाईक जेवतंय."

"उठव त्यांना. गाडी काढ."

भर दुपारी, लग्नसराईच्या दिवसात, त्यांनी खानावळ बंद केली. मागच्या सीटवर सुप्रिया मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला द्वारकाबाई, बाळ त्यांच्या मांडीवर. भिगवणहून बारामतीला निघालो. एमआयडीसीपाशी शिफ्ट सुटली होती, मोटारसायकलींच्या गर्दीत अडकलो, तेव्हा द्वारकाबाई पुढं वाकून विजयसिंहला म्हणाल्या, "हॉर्न वाजव. पोरीला बरं न्हाय म्हनावं." पोरीला. सुनेला नाही.

मॅडमनी मानसोपचाराच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. सुप्रियाला बाळासकट ठेवून घेतलंय. दूध पाजता येईल अशीच औषधं. एकटी सोडायची नाही — द्वारकाबाई पलंगाच्या पायथ्याशी चटई टाकून बसल्यात.

मी जिन्यात बसून रडले. भीतीनं, आणि — लिहूनच टाकते — आनंदानंसुद्धा. ओळखलं होतं! तीन महिने आधी ओळखलं होतं! त्या बुधवारच्या माशांशिवाय आज मी तिथं असतेच कशाला?

१६ डिसेंबर

सुप्रिया थोडी झोपली रात्री. सकाळी चहा मागितला. द्वारकाबाईंनी मला हे एवढ्या थाटात सांगितलं, जणू नातीनं पहिलं पाऊल टाकलं.

२१ डिसेंबर

आज बाळ रडलं आणि सुप्रियानं मान वळवली. मॅडम आणि मी दोघी दारात होतो. मॅडमनी माझा दंड घट्ट धरला. सुप्रिया म्हणाली, "आत्याबाई, हिला द्या हिकडं. भुकेजली हाय."

आत्याबाई म्हणते सासूला. मला माहीतच नव्हतं. आजवर कधी ऐकलं नव्हतं.

२ जानेवारी २०२५

सुप्रिया घरी. औषध चालू, दर आठवड्याला इथं यायचं. द्वारकाबाई स्वतः घेऊन येतात. आज ओपीडीत एका बाईच्या सासूला म्हणत होत्या, "खूळ न्हाय ते. ताप येतो का न्हाय, तसं असतं. आमच्या पोरीला झालं व्हतं. गोळ्या दिल्या, बरी झाली. लाज कसली?" मी फाईल तोंडापुढं धरून उभी.

२८ जानेवारी

वैष्णवीला मुलगा झाला. साधं, सरळ बाळंतपण. मल्हारनं फोटो पाठवला — बाळ, बाळाच्या शेजारी डाळिंब. बाळ थोडंच मोठं!

१२ फेब्रुवारी

भिगवणला पक्षी बघायला पुण्याची माणसं लोटलीत. खानावळीत जागा नाही. सुप्रिया चुलीपाशी! मला बघून म्हणाली, "ताई, वेटिंग हाय. बाहेर थांबा." मग पोरीला माझ्या हातात दिलं आणि भाकऱ्यांकडं वळली. पोरीनं माझा चष्मा ओढला.

विजयसिंह बिल घेईना. द्वारकाबाई म्हणाल्या, घे. "फुकट खाल्लं तर पुढच्या बुधवारी यायची लाजंल."

लाल आणखी सहा-सात जणी निघाल्यात. त्यातल्या दोघींना खरोखर झालं, दोघींनाही सुरुवातीलाच पकडलं, दवाखान्यात ठेवायचीसुद्धा गरज पडली नाही. बाकीच्या ठीक. गणित चालतंय! मॅडम म्हणतात, पुण्याच्या परिषदेत मांडू. मी मांडायचं म्हणतात. मी!

१३ मार्च

आज हिरव्यांचे फोन. एकामागून एक, भराभर. वैष्णवीला लावला. मल्हारच्याच फोनवर, ती गाडीत होती, बाळाच्या लसीला निघालेले. मागं बानूबाईंचा आवाज, मल्हारचा हॉर्न. स्पीकरवर होतं बहुतेक, सगळे मिळून नमस्कार म्हणाले.

हसू येतं का? "व्हय ताई." झोप लागते? "व्हय." स्वतःला दोष देतेस का उगाच? "न्हाय ताई." सगळी उत्तरं पटापट. शून्य आलं. दहा प्रश्नांत शून्य! पहिल्यांदा.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" म्हटलं. ती म्हणाली, "व्हय ताई, तुमी म्हनला व्हता."

किती गुणाची मुलगी.

५ एप्रिल, पुणे

मांडलं!

मोठा हॉल, पुढं सगळे डॉक्टर, काही तर दिल्लीहून आलेले. पहिली दोन वाक्यं काय बोलले आठवत नाही. मग भिगवणची गोष्ट सांगितली, नाव न घेता — हसणारी बाई, लाल आकडा, बंद केलेली खानावळ — आणि मागच्या रांगेतले फोन खाली गेले. शेवटी आलेख दाखवला. एका बाजूला लाल, एका बाजूला हिरव्या. हिरव्यांत बाळंतपणानंतर आजारी किती? एकही नाही.

टाळ्या. खऱ्या टाळ्या, देखल्या देवा दंडवत घातल्यासारख्या नाहीत. एक वयस्कर डॉक्टर उठून म्हणाले, आमच्या तालुक्यातही करू या. दुसऱ्यांनी मॅडमचा नंबर घेतला. चहाच्या वेळी मला चहा प्यायलाच मिळाला नाही.

आप्पांना फोन केला. टाळ्या वाजल्या म्हटलं. ते म्हणाले, "किती येळ?" मी म्हटलं, पुष्कळ वेळ. "मग बरोबर असंल तुझं."

१० एप्रिल

आणखी दोन तालुक्यांत सुरू करायचं ठरलं. माझ्या हाताखाली एक मुलगी येणार आहे. मला हाताखाली माणूस! मॅडमनी पत्र दाखवलं, मी तीनदा वाचलं.

रंग बदलायचे का यावर चर्चा. लाल म्हटलं की बाया घाबरतात, मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, हिरवा मात्र ठेवू या. हिरवा सांगितला की बायांचा चेहरा असा खुलतो!

२ मे

सुप्रियाचं औषध कमी करायला सुरुवात. ती म्हणाली, "ताई, आता तुमच्या मशिनीत मला परत घाला. बघू कुठला रंग येतो." मी म्हटलं, एकदाच घालतात. "मग पुढच्या येळी," म्हणाली. द्वारकाबाईंनी कपाळावर हात मारला. मला दिवसभर हसू येत होतं.

नवीन मुलगी सोमवारपासून येणार. तिला काय काय शिकवायचं ते मनात जुळवत गाडी चालवली, पणदऱ्याचा फाटा मागं गेला तरी कळलं नाही.

१९ मे

वैष्णवी आली होती. एकटी, एसटीनं, बाळाला घेऊन, घरी न सांगता. ओपीडी संपत आलेली. बाकावर टोकाला बसली होती, मी तिला ओळखलंच नाही. गाल आत गेलेले.

मी हसून विचारलं, काय गं, इकडं कुठं?

म्हणाली, "ताई, तुमी म्हनला व्हता मला कायबी व्हनार न्हाय. म्हनून मला वाटलं, हा आजार न्हाय. मीच वाईट हाय."

मॅडमना बोलावलं. त्या येईपर्यंत बाळ मी धरलं. तिनं हात पुढं केला नाही.

कधीपासून वाटतंय असं, विचारलं.

"झाला त्या दिसापासनं."